रामटेके भाऊंच्या नऊ पायऱ्या

रामटेके भाऊंच्या पॅन्टच्या उजव्या खिशाला कायम पांढरा डाग असायचा. फक्कीचा. खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी भुकटी. बाकीचे इंजिनिअर खिशाला पेन लावून फिरतात, भाऊ कागदाच्या पुडीत फक्की घेऊन फिरायचे आणि कुठेही, कुणाहीसमोर वाकून रेघ ओढायला तयार असायचे. एकदा एका लग्नाच्या मांडवात त्यांनी नवरदेवाच्या काकांना दोन बेडरूमचं अख्खं घर जमिनीवर काढून दाखवलं होतं आणि पंगत उठेपर्यंत वाढपी त्या घराच्या स्वयंपाकघरातून ये-जा करत होते. भाऊंना जाऊन आता दोन वर्षं होतील. माझ्या ऑफिसच्या कपाटात त्यांची एक पुडी अजून आहे. ती मी उघडत नाही.

चंद्रपुरात उंच इमारती कशाला लागतात, असं बाहेरचे लोक मला विचारतात. त्यांना वाटतं, आमच्याकडे नुसतं रान. रान आहेच. पण शहराच्या एका अंगाला नद्या, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी, आणि तिसरीकडे पसरत जावं तर वाघाच्या हद्दीत शिरावं लागतं. परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतल्या आणि आसपासच्या जुन्या वस्तीत छोटे छोटे प्लॉट आहेत, आणि तिथल्या कुणालाच शाळा, बाजार, दवाखाना सोडून लांब जायचं नसतं. मग उरतं ते आभाळ. खाली गाड्या, वर एकावर एक सहा घरं, एका मजल्यावर एकच. अशा इमारतींचे नकाशे करणं हे भाऊंचं काम. चारी बाजूंनी नियमाचं अंतर सोडलं, जिना टाकला, लिफ्ट टाकली की हातात जी जागा उरते ती पाहून नवख्याला रडू येतं. मला आलं होतं.

मी राजुऱ्याची. पदवी घेऊन त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तेव्हा मार्कशीटची फाईल छातीशी धरून बसले होते. भाऊंनी फाईल उघडली नाही. स्कूटरवर मागे बसवून एका अर्धवट बांधकामावर नेलं, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसवलं आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, बसायला कसं वाटलं? मी म्हटलं, पायरी जरा उंच आहे, गुडघे पोटाशी येतात. ते खूश झाले. गवंड्याला बोलावून पायरी मोजायला लावली तर ती खरंच पाऊण इंचानं जास्त होती. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होते आणि पहिल्याच दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणायला सुरुवात केली. माझं वय तेव्हा तेवीस. पहिला महिनाभर मी मागे वळून पाहायची, कोण मॅडम आली म्हणून.

जिन्यात बसून चहा पिणं ही त्यांची खोड पुढेही कधी गेली नाही. मोठमोठे बिल्डर गाडीचं दार उघडून उभे असायचे आणि भाऊ पायरीवर बसून बशीत फुंकर मारत असायचे. कागदावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, आणि नकाशे करणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "कागदावर घाम येत नाई, मॅडम."

नवं काम आलं की ते घरमालकाला तीन प्रश्न विचारायचे. दार कुठे उघडणार? कूलर कुठे ठेवणार? आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण? पहिला प्रश्न कुणालाही पटेल. दुसरा विदर्भाबाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल, पण आमच्या मे महिन्यात ज्यानं एक दुपार काढली आहे तो हसणार नाही. पत्र्याचा तो मोठा डबा, त्याला तिन्ही बाजूंनी गवताच्या जाळ्या, आत पाणी आणि पंखा. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, पाण्याचा नळ लागतो, गळणारं पाणी जायला जागा लागते. हे सगळं न योजता बांधलेली देखणी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या देखण्या खिडक्यांना नंतर तारेनं बांधलेले कूलरही पाहिले आहेत. भाऊ आधी कूलर बसवत आणि मग त्याच्याभोवती घर. तिसरा प्रश्न मात्र ते का विचारतात हे मला बरीच वर्षं कळलं नाही. सवय असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

नकाशा ठरायच्या आधी ते रिकाम्या प्लॉटवर फक्कीनं खऱ्या मापाचं घर काढायचे आणि त्या कुटुंबाला त्यात दोन तास राहायला लावायचे. हो, राहायला. सतरंजी अंथरायची, डबा खायचा, आडवं व्हायचं. मोहर्लीचं एक जोडपं होतं. नवरा जंगलात पर्यटकांना वाघ दाखवायला नेणारा, दोन पोरं चंद्रपूरला शाळेत घालायची म्हणून पाचव्या मजल्यावर घर घेत होता. त्याला मी त्या रेघांच्या न्हाणीघरात उभं केलं तेव्हा तो अगदी रडकुंडीला आला. सहा सहा तास हलायचं नाही अशी नोकरी करणारा माणूस, पण शेजारचे लोक बघत असताना त्याला तिथं दोन मिनिटं उभं राहवेना. पोरं भिंतींवरून उड्या मारत होती आणि भाऊ त्यांना रागावत होते की दारातून या, भिंतीतून काय येता. त्याची बायको मात्र स्वयंपाकघरात गंभीरपणे उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, इथून मला पोरं घरात आलेली दिसत नाहीत. भाऊंनी पायानं रेघ पुसली आणि स्वयंपाकघर पुढे आणलं. नवऱ्याला ते आवडलं नाही, हॉल छोटा झाला म्हणून. दोघांचं तिथंच, नसलेल्या घरात, चांगलं कडाक्याचं भांडण झालं. भाऊ बाजूला विटांवर बसून होते. मला म्हणाले की भांडण इथं झालेलं बरं, काँक्रीट ओतल्यावर पुसता येत नाही.

असा हा शांत माणूस. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. ते बौद्ध, वस्तीतल्या विहाराच्या समितीवर. दर रविवारी सकाळी आठला विहारात वंदना असायची आणि समितीवरचे रामटेके भाऊ दर रविवारी सगळं आटोपून लोक चहा प्यायला लागले की उगवायचे. घामाघूम, शर्टाची इस्त्री मोडलेली. लोक चेष्टा करायचे. दुसऱ्याच्या घराच्या पायऱ्या मोजणाऱ्याला विहाराचा रस्ता सापडत नाही, असं त्यांच्या पत्नी मालतीताईच म्हणायच्या. भाऊ हसून मान डोलवत. रविवारी सकाळी फोन उचलायचा नाही हा त्यांचा नियम होता, आणि मला तो आळस वाटायचा. त्याबद्दल मी त्यांना एकदा टोचूनही बोलले होते. आज त्याची लाज वाटते.

एका रविवारी एका साईटवर स्लॅब ओतायचा होता. सळई बांधणारे कारागीर गडचिरोलीकडचे, अनुभवी. त्यांनीच एका बीमबद्दल शंका काढली. काँक्रीटची गाडी येऊन उभी. मी भाऊंना दहा वेळा फोन लावला आणि शेवटी चिडून त्यांच्या घरी गेले. मालतीताई क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, रामाळा तलावाजवळची ती बिल्डिंग माहीत आहे ना, तिथं बघ.

ती बिल्डिंग आमच्या ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होती. भाऊंची पहिली उंच इमारत. तिचा फोटो भिंतीवर लावलेला होता आणि भाऊ त्याच्याकडे कधी बघत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तिथं गेले, लिफ्टनं वर निघाले. ही लिफ्ट मजल्यावर थांबायची नाही, दोन मजल्यांच्या मधे, जिना जिथं वळतो त्या चौकात थांबायची. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे लिफ्टचं दार उघडलं आणि समोर वरून भाऊ येत होते. उलटे. पाठ माझ्याकडे, हातात प्लास्टिकच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय. मागचे दोन पाय एका चाळिशीतल्या माणसानं धरलेले, आणि खुर्चीत एक म्हातारी, नऊवारी गुडघ्यांभोवती घट्ट आवळून बसलेली. भाऊ पायानं पायरी चाचपत मोजत होते. सात. आठ. नऊ. खुर्ची चौकात टेकली तेव्हा त्यांनी मला पाहिलं. दचकले नाहीत. एवढंच म्हणाले, मॅडम, जरा लिफ्टचं दार धरा.

खाली उतरल्यावर त्यांनी खुर्ची कंपाउंडच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यात ठेवली. तीन फूट रुंद पट्टा, एक कढीपत्त्याचं झाड. भाऊंनी नळावरून मगभर पाणी आणून मातीवर शिंपडलं. म्हातारीनं चपला काढल्या, दोन्ही पाय ओल्या मातीत ठेवले आणि डोळे मिटले. तासभर ती तशीच बसते, हे मला नंतर कळलं. भाऊ शेजारी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. बीमचं काय ते मी उभ्या उभ्या विचारलं, त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. कुणीच मला काही समजावून सांगितलं नाही.

सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, जिन्यात चहा पिताना. म्हातारीचं नाव अनुसयाबाई मांढरे. चामोर्शीकडच्या एका खेड्यातल्या. तलावात मासे धरणारं घर, चार महिने धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणी. सगळा जन्म चिखलात अनवाणी गेलेला. मुलगा, खुर्चीचे मागचे पाय धरलेला तोच, शिक्षक झाला, त्यानं चौथ्या मजल्यावर घर घेतलं आणि हौसेनं आईला आणलं. दोन वर्षं बाई नऊ पायऱ्या उतरून लिफ्टपर्यंत यायच्या. मग न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरातल्या घरात भिंत धरून चालता यायला लागलं, पण पायरी उतरणं संपलं. मुलगा आठवडाभर बाहेरगावी शाळेत, सुनेला एकटीला उचलणं शक्य नाही. लिफ्ट नऊ पायऱ्यांवर, आणि बाई चौथ्या मजल्यावर अडकलेल्या.

ती लिफ्ट तिथं भाऊंनीच ठेवली होती. तिला चौकात घेतलं की मजल्यावर मोकळी जागा सोडावी लागत नाही. तेवढ्या वाचलेल्या जागेत प्रत्येक घरात एक खोली बसली. सहा घरं, सहा खोल्या. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती, दुसऱ्या इंजिनिअरांनी ती युक्ती उचललीही. पुढे गच्चीची गळती पाहायला म्हणून भाऊ एकदा तिथं गेले. चौथ्या मजल्याचं दार उघडं होतं आणि खिडकीशी बसलेल्या अनुसयाबाई कुणा शेजारणीला सांगत होत्या. ते वाक्य भाऊंनी मला त्यांच्याच शब्दांत सांगितलं. "तलाव दिसते मले इथून. पण दिसून काय करू, पायाले भेटत नाई."

भाऊ आत गेले, मुलाशी बोलले, आणि पुढच्या रविवारपासून खुर्ची उचलायला जाऊ लागले. त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. बाईंना त्यांनी आपण कोण हे सांगितलं नव्हतं. मुलाच्या ओळखीचा कुणी भला माणूस, एवढंच त्या समजून असाव्यात, असं ते म्हणाले. मी विचारलं, सांगत का नाही? ते हातातला कप फिरवू लागले. मग म्हणाले, "जीभच उचलत नाई, मॅडम. खुर्ची उचलते."

तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

नंतर एक अडचण उभी राहिली. भाऊंच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. भाऊंनी ती मालतीताईंपासून दोन आठवडे लपवून ठेवली आणि दोन रविवार खुर्ची उचलली. तिसऱ्या रविवारी भाऊंच्या जागी खुर्ची धरायला मी आणि आमच्या ऑफिसातला एक जण गेलो. भाऊ नुसते पायऱ्या मोजत खाली उतरले. पण हे किती दिवस? आमच्यातलं कुणीही एक आजारी पडलं की अनुसयाबाईंची माती बंद. भाऊंना ते खात होतं. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण ऑफिसात त्या इमारतीचा जुना नकाशा कायम उघडा असायचा. उतार करायला जागा नव्हती. जिन्याला चालती खुर्ची बसवावी तर बाकीच्यांना चढता आलं नसतं.

उपाय सापडला तो मातीच्या पट्ट्याजवळ बसून वर बघताना. लिफ्टच्या भिंतीला लागून प्रत्येक मजल्यावर एक अरुंद गॅलरी होती. कूलरची. भाऊंनी स्वतःच मोठ्या प्रेमानं काढलेली, वाऱ्याच्या तोंडावर, नळासकट. त्या गॅलरीतून कूलर काढला आणि लिफ्टचं दार त्या बाजूला फिरवलं, तर लिफ्ट सरळ मजल्यावर थांबेल आणि गॅलरीतून थेट घरात शिरता येईल. एकही पायरी नाही. पाण्यानं भरलेला कूलर पेलणारी गॅलरी माणसं पेलणारच होती. मी म्हटलं, मग फक्त चौथ्या मजल्यापुरतं करू. पण लिफ्टचा डबा एवढा लहान की त्याला दार एकच बसत होतं. फिरवायचं तर सगळ्यांचंच. म्हणजे सहाही घरांनी आपापला कूलर हलवायचा.

आमच्या गावात माणसाकडे तुम्ही काहीही मागा. कूलरची जागा मागू नका.

भाऊंनी एका संध्याकाळी सहाही घरांना खाली गाड्यांच्या जागेत बोलावलं आणि फक्कीनं नवी गॅलरी, नवं दार आणि स्वयंपाकघराच्या बाजूला लोखंडी स्टँडवर कूलरची नवी जागा काढून दाखवली. तिथून पत्र्याच्या नळीनं हवा हॉलमध्ये आणायची होती. लोक वाईट नव्हते. सगळ्यांना अनुसयाबाईंबद्दल वाटत होतं. पण एकेक जण त्या रेघांकडे बघत मान हलवत होता. हवा वळणावरून येणार, थंड राहील का? सगळ्यात ठाम नकार तिसऱ्या मजल्यावरच्या पिंपळशेंडे साहेबांचा. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की तीस वर्षं मी जमिनीखाली उकडून घेतलं, आता वर आलोय तर दुपारची झोप मी कुणाला देणार नाही.   बरोबर आहे तुमचं, भाऊ म्हणाले आणि घरी गेले.

पण ते हार मानणाऱ्यातले नव्हते, घाई करणाऱ्यातलेही नव्हते. आधी चौथ्या मजल्यावर स्टँड बसवला. मग पहिल्या मजल्यावर, मग सहाव्या. लोक एकमेकांच्या घरी जाऊन हवेखाली बसून बघायला लागले. कुठे नळी रुंद करावी लागली, कुठे खिडकीची एक काच काढावी लागली. मेच्या मध्याला पाच घरं तयार झाली होती. तिसरा मजला तेवढा राहिला.

एका दुपारी भाऊ तात्पुरता स्टँड, पिंपळशेंड्यांचाच कूलर आणि मला घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचले. साहेबांना म्हणाले की एक दुपार द्या, आवडलं नाही तर संध्याकाळी मी स्वतः कूलर परत जागेवर ठेवतो आणि हा विषय पुन्हा काढत नाही. साहेब नाखुशीनं दिवाणावर आडवे झाले. भाऊ समोर खुर्चीत. मी आणि पिंपळशेंडे काकू स्वयंपाकघरात, दोघीही उगीचच हळू आवाजात बोलत होतो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंधरा मिनिटांनी साहेबांनी कूस बदलली. अर्ध्या तासानं हॉलमधून घोरण्याचा आवाज आला. मी आनंदानं बाहेर येऊन बघते तर घोरत होते भाऊ. साहेब दिवाणावर उठून बसले होते आणि भाऊंकडे बघत होते. मला वाटलं, संपलं सगळं.

साहेबांनी तोंडावर बोट ठेवलं. मग पुन्हा आडवे झाले आणि दोघंही साडेचारपर्यंत झोपले. चहा घेताना साहेब म्हणाले, "मी जागाच होतो पहिले. तुमाले पाहून झोप लागली. बसू द्या कूलर तिथीच." आणि सही कुठे करायची ते विचारलं.

महानगरपालिकेची परवानगी, भिंत फोडणं, नवं दार, यात पावसाळा गेला. लिफ्ट दोन महिने बंद होती. चार मजले खुर्ची उचलून नेणं अशक्य, म्हणजे अनुसयाबाईंचं खाली येणं पूर्ण थांबलं. तरी भाऊ दर रविवारी जातच होते, थांबत थांबत, प्रत्येक चौकात श्वास घेत. पहिल्या रविवारी त्यांनी घमेलंभर माती वर न्यायला लावली, पाणी शिंपडून, तलावाची आहे असं सांगत, बाईंच्या पायाखाली ठेवली. बाईंनी पाय ठेवला आणि लगेच उचलला. म्हणाल्या, ही तलावाची माती नाही, कुठल्या तरी बांधकामावरची आहे, हिला सिमेंटचा वास आहे. भाऊ पकडले गेले. पुढच्या रविवारपासून माती रामाळ्याच्या काठावरून येऊ लागली.

दिवाळीच्या आधी लिफ्ट सुरू झाली. सहाही घरं खाली जमली होती. पिंपळशेंडे काकूंनी नारळ आणला होता. आम्ही वर बघत उभे. चौथ्यावर दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. लिफ्ट खाली आली, दार उघडलं आणि आत अनुसयाबाई एकट्याच उभ्या होत्या, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात काठी. सून जिन्यानं धावत खाली आली, कारण सासूबाईंनी तिला लिफ्टमध्ये घेतलंच नव्हतं. बाई एकेक पाऊल टाकत मातीच्या पट्ट्यापर्यंत गेल्या, चपला काढल्या आणि कढीपत्त्याला धरून उभ्या राहिल्या. मला रडू आलं. माझ्या शेजारी दोन-तीन जण डोळे पुसत होते, त्यामुळे मी एकटी पडले नाही.

लोक पांगल्यावर भाऊ त्यांच्याजवळ गेले. मी पाण्याची बाटली घेऊन मागे होते, म्हणून ऐकलं. 

"बाई, एक सांगाचं होतं. ही लिफ्ट पहिले चुकीच्या जागी मीच ठेवली होती. नकाशा माहाच होता."

अनुसयाबाई मातीकडेच बघत होत्या. "मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. घरभरणीच्या दिवशी तूच तं सगळ्याईले सांगून राह्यला होता, का पाहा, फूटभर जागा वाया नाई गेली."

भाऊंनी मान वर केली. मग म्हणाले, "मंग एवढी वर्षं बोलल्या काऊन नाई?"

"बोलली असती तं तू शरमून आलाच नसता, बाबू."

भाऊंनी खिशात हात घातला. रुमाल काढायचा असावा, निघाली फक्कीची पुडी. ती तशीच हातात धरून ते उभे राहिले.

त्यानंतर भाऊ दीड वर्ष होते. मी त्यांना दवाखान्यात पाहिलं, शेवटचंही पाहिलं. पण त्यातलं काही मला आठवत नाही. आठवतो तो लिफ्ट सुरू झाल्यानंतरचा पहिला रविवार.

नव्या दारांच्या उंबऱ्यांची फरशी बरोबर बसली आहे का ते बघायला मी सकाळी नुकतीच त्या इमारतीत पोचले होते. साडेसातच्या सुमाराला भाऊ फाटकातून आत आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. आज वेळेवर वंदनेला निघालो होतो, म्हणाले, वाटेत सहज डोकावलो. विहार त्या वाटेवर नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी मातीच्या पट्ट्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. आम्ही दोघं लिफ्टनं वर गेलो.

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर गॅलरीत, जिथं आधी कूलर असायचा तिथं, ती प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. तीत अनुसयाबाई बसल्या होत्या. केस विंचरलेले, नऊवारी गुडघ्यांभोवती घट्ट आवळलेली.

भाऊ घाबरे झाले. "काऊन, बाई, लिफ्ट बंद पडली होती का? तब्येत बरी नाई का?"

"चालू हाय लिफ्ट. सकाळी तीनदा खाली जाऊन आली मी."

"मंग इथी काऊन बसल्या?"

"आज रविवार नोहे का?" बाई म्हणाल्या. "तुही वाट पाहून राह्यली."

 भाऊंनी हात पुढे केला, बाईंनी तो धरला आणि उठल्या. खुर्ची तिथंच राहिली. दोघं लिफ्टमध्ये शिरले. बाईंची काठी, भाऊंचा पांढरा शर्ट, त्यात तिसऱ्याला जागा नव्हती असं नाही, पण मी मागे थांबले. दार बंद होताना भाऊ सवयीनं पायऱ्या मोजल्यासारखे ओठ हलवत होते. मग मी जिन्यानं खाली उतरले.